धूर कमी व्हावा, चूल विझू नये

आमचे घर इंदुरीत, तळेगाव-चाकण रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरात आम्ही दोघे नवराबायको, मुलांची आजी, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. पहाटे पाचपासून कंपन्यांच्या बसगाड्या सुरू होतात. कंटेनर तर रात्रभर चालूच असतात. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या गजांवरून संध्याकाळी बोट फिरवले तर बोट काळे होते. इंद्रायणीकाठचे गाव म्हणून पाहुणे कौतुकाने येतात आणि खोकत परत जातात. मुलांच्या आजीला गेली दहा वर्षे दमा आहे.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री दीड वाजता तिला जोराची धाप लागली. शेजारच्या रिक्षावाल्या भावाचा फोन लागेना. शेवटी थोरल्याने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवले, धरायला मागे धाकटी बसली, आणि तिघे भर पावसात तळेगावच्या दवाखान्यात पोहोचले. आजी बरी होऊन घरी आली. पण घरात चार चाकांची गाडी पाहिजेच, असे थोरल्याने त्या रात्रीपासून मनात घेतले.

या थंडीत एका रविवारी जेवणे झाल्यावर त्याने विषय काढला.

"पप्पा, भोसरीत एक डिझेल गाडी बघून आलोय. आठ वर्षं वापरलेली आहे. दोन लाख चाळीस हजार म्हणतोय, थोडं तोडून देईल."

भिशीचे आणि बँकेतले मिळून आमच्याकडे अडीच लाख होते. ते धाकटीसाठी ठेवलेले. तिने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण केला आहे आणि तिला पुढे डिप्लोमा करायचा आहे. पैशाचे नाव निघताच तिचा चेहरा उतरला. पण तिने फीचा विषय काढला नाही. ती एवढेच म्हणाली, "दादा, धुरानं आजीला धाप लागते म्हणून धुराचीच गाडी दारात आणायची का?"

थोरला चिडला. "मग विजेची घेऊ का? आठ-नऊ लाख तू देतेस?"

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आईने हळूच विचारले, "तुझा ओव्हरटाइम का बंद झाला रे? महिनाभर बघतेय, वेळेवर घरी येतोस." तेव्हा पोराने जे दडवून ठेवले होते ते सांगितले. चाकणच्या ज्या छोट्या कारखान्यात तो सीएनसी मशीनवर कंत्राटी कामाला आहे, तिथे तीन पाळ्यांच्या दोन झाल्या आहेत. तो इंजिनाचे वॉल्व्ह गाइड बनवतो. सुपरवायझर म्हणाला, "हा जॉब बाहेरदेशी जाणाऱ्या इंजिनात बसतो. तिकडे बॅटरीच्या गाड्या वाढल्या, इकडे ऑर्डर घटली."

म्हणजे एकाच घरात तिघांची तीन गाऱ्हाणी झाली. आजीला धूर नको, थोरल्याला इंजिन पाहिजे आणि धाकटीला शिकायचे आहे. आम्ही दोघे त्या रात्री झोपलो नाही. पुढचे काही आठवडे हा विषय समजून घेण्यात घालवले. वर्तमानपत्रे वाचली, जाणत्यांना विचारले. जे समजले ते आपल्या लोकांसाठी लिहीत आहोत. कारण चाकण, भोसरी, पिंपरी, रांजणगाव या पट्ट्यात आपली किती मुले मशीनवर उभी आहेत, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट अशी की युरोपात जे ठरते ते इंदुरीच्या धुरात उतरते. आपल्याकडचे भारत स्टेजचे नियम युरोपच्या नियमांवरूनच बेतलेले आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झाले. त्यासाठी मधली पाचवी पायरी गाळली. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आली. नवा ट्रक जुन्याइतका काळा धूर सोडत नाही, हे रस्त्याकडेला राहणाऱ्याला पुस्तक न वाचताही कळते. पण जुने ट्रक काही एका दिवसात रस्त्यावरून जात नाहीत. थोरल्याने बघितलेली ती गाडीही भारत स्टेज सहाच्या आधीचीच होती.

नियम कागदावर असून भागत नाही, हेही युरोपनेच दाखवले. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनची लबाडी अमेरिकेत उघडी पडली. तपासणीच्या वेळी गाडी कमी धूर दाखवायची आणि रस्त्यावर आली की जास्त सोडायची. तशी करामत करणारी संगणक-प्रणाली जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवलेली होती. त्यानंतर युरोपात डिझेल मोटारीवरचा लोकांचा विश्वास उडत गेला आणि विजेच्या गाडीकडे कल वाढला.

दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. तो डोळ्यांना दिसत नाही, घसा खवखवत नाही, पण पृथ्वीचा ताप वाढवतो. २०२३ साली युरोपीय संघाने कायदा केला की २०३५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींच्या धुरांड्यातून हा वायू अजिबात निघता कामा नये. म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या नव्या मोटारी जवळजवळ बंदच. त्यावर कारखानदार कुरकुरू लागले, चीनच्या स्वस्त विजेच्या गाड्या बाजारात घुसल्या, नोकऱ्या जाऊ लागल्या. तेव्हा २०२५ च्या डिसेंबरात युरोपीय आयोगाने थोडी माघार सुचवली. शंभर टक्क्यांऐवजी नव्वद टक्के घट करा, उरलेली दहा टक्के भरपाई कमी प्रदूषणाच्या पोलादातून किंवा वेगळ्या इंधनातून करा, असा तो प्रस्ताव आहे. युरोपातच बनणाऱ्या छोट्या, परवडणाऱ्या विजेच्या मोटारींना त्यात खास सवलत सुचवली आहे. श्रीमंत युरोपलाही अखेर 'परवडणारी' हा शब्द कायद्याच्या प्रस्तावात आणावा लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

फ्रान्सने तर २०२४ च्या जानेवारीत वेगळाच प्रयोग केला. कमी उत्पन्नाच्या आणि कामासाठी लांब गाडी चालवावी लागणाऱ्या कुटुंबांना विजेची मोटार महिना साधारण १०० ते १५० युरो भाड्याने दिली. थोड्याच आठवड्यांत सुमारे ५० हजार गाड्या गेल्या आणि सरकारला त्या वर्षापुरती योजना थांबवावी लागली. गरिबाला स्वच्छ गाडी नको असते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. त्याला ती हवीच असते, फक्त खिशात पैसे नसतात.

आपल्याकडे काय आहे? २०२२ साली टाटांची टियागो विजेवर आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ८ लाख ४९ हजार होती. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. चांगले केले. पण द्रुतगती मार्गाने मोटारीतून जाणारा कोण आणि त्याच मार्गाशेजारच्या गावांत धूर खाणारा कोण, हाही हिशेब कोणीतरी मांडायला हवा. ज्याच्याकडे मोटारच नाही त्याला टोलमाफीतून काय मिळाले?

स्वस्त गाडीचे स्वप्न याच पुणे पट्ट्यात एकदा पाहून झाले आहे. १० जानेवारी २००८ ला टाटांनी नॅनो दाखवली, एक लाखाची गाडी. पावसात स्कूटरवर भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ती कल्पना सुचल्याचे रतन टाटा सांगत. मोटारसायकलवर आजीला मध्ये बसवून नेणारे आमचे घर म्हणजे तेच कुटुंब. पण ती गाडी 'सर्वांत स्वस्त' म्हणूनच ओळखली गेली आणि लोकांनी ती घेतली नाही. गरिबालाही 'गरिबाची गाडी' अशी पाटी लावून फिरायचे नसते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

किमती कमी होत आहेत, हे मात्र खरे. विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी. २०१० साली एक युनिट वीज साठवेल एवढ्या बॅटरीला हजार डॉलरच्या वर मोजावे लागत होते. २०२४ साली तो भाव जगभरच्या सरासरीने ११५ डॉलरवर आला. म्हणजे आज ना उद्या ही गाडी आपल्या आवाक्यात येईल. आणि प्रत्येक किंमत उतरली की एखाद्या वॉल्व्ह गाइडची ऑर्डरही उतरेल.

थोरल्याने आम्हाला ते हाताच्या बोटांवर मोजून दाखवले. "पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, वॉल्व्ह, गाइड, इंजेक्टर, सायलेन्सर, क्लच. पप्पा, विजेच्या मोटारीत इंजिनाचं यातलं काहीच नाही." प्रत्येक नावामागे भोसरी-चाकणची एखादी शेड आहे, तिथे एक सेटर, चार ऑपरेटर आणि बर काढणाऱ्या बाया आहेत. पुण्याच्या भारत फोर्जसारख्या मोठ्या कारखान्यातले क्रँकशाफ्ट तर युरोपातल्या वाहनांत बसतात. मोठा कारखाना नव्या मालाकडे वळू शकतो, त्याच्याकडे भांडवल असते. चार मशीनच्या शेडचा मालक वळेलच असे नाही. आणि त्या शेडमधल्या कंत्राटी पोराला कोणी विचारतसुद्धा नाही. त्याला फक्त 'ब्रेक' मिळतो.

कारखाना कसा जातो हे मावळाने पाहिले आहे. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. २०१७ साली कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले, तरी परदेशासाठी काम चालू होते. २०२० च्या डिसेंबरात तेही थांबले. एका चिनी कंपनीला विकायचा करार झाला होता, तो २०२२ साली बारगळला. हजाराहून अधिक कामगार आणि त्यांची संघटना कोर्टात आणि रस्त्यावर झगडत राहिली. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला आणि २०२५ साली तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. भिंती त्याच, गेट तेच. पण मधल्या पाच वर्षांत ज्याच्या मुलाची शाळा सुटली, ज्याने घर विकले, त्याला ती वर्षे कोण परत देणार?

आता युरोपकडे पाहा. तिकडेही कारखाने बंद पडतात. ब्रुसेल्सचा ऑडीचा कारखाना २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाला, आणि तिथे तर विजेचीच मोटार बनत होती. म्हणजे स्वच्छ गाडी बनवली म्हणून नोकरी टिकते असेही नाही. पण एक फरक आहे. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला आहेत. २०२४ च्या डिसेंबरात फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करायचे ठरवले, तेव्हा कामगार संघटनेशी लांबलचक बोलणी करावी लागली. सक्तीने कोणालाही काढायचे नाही, हे कंपनीला मान्य करावे लागले. नोकऱ्या तिथेही कमी होतील, पण कामगाराला आधी कळते आणि टेबलाशी बसून बोलता येते. आपल्या पोराला मात्र गेटवरच्या सिक्युरिटीकडून कळते.

मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्रिपक्षीय मजूर परिषदांचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. यंत्र बदलते तेव्हा यंत्रामागच्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या टेबलावर यायला हवा. आज तो येत नाही, कारण कंत्राटी कामगाराला त्या टेबलाशी खुर्चीच नाही.

आणखी एक हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. विजेची गाडी इथे धूर सोडत नाही, पण वीज कुठून येते? महाराष्ट्रात अजूनही मोठा वाटा कोळशाचा आहे. इंदुरीचा धूर कमी झाला आणि चंद्रपूर-कोराडीची राख वाढली, तर आपल्याच भावंडांच्या दारात ती पडणार. धाकटी म्हणते की एका ठिकाणचा धूर आवरणे हजार ठिकाणच्या धुरापेक्षा सोपे असते आणि सौरवीज वाढली की तोही कमी होईल. तिचे म्हणणे बरोबर आहे. पण विजेची किंमत कोण मोजतो, हे मावळाला जुने ठाऊक आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ पासून भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. ती वीज स्वच्छ होती. पण जमिनी बुडाल्या त्या इथल्या, आणि गिरण्या चालल्या त्या मुंबईच्या.

विजेवरची गाडी म्हणाल तर तीही मावळाला नवी नाही. दख्खनची राणी १९३० पासून विजेच्या इंजिनावर आमच्या तळेगाववरून धावते. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून विजेवर चालते आणि तिचे तिकीट मोलकरणीलाही परवडते. स्वच्छ आणि स्वस्त गाडी हवी असेल तर सर्वांत आधी लोकल आणि बस वाढवा, असे आम्हाला वाटते. इंदुरी-चाकण रस्त्यावर वेळेवर विजेची बस असती, तर निम्म्या मोटारसायकली घरी राहिल्या असत्या. दर घरात मोटार हे स्वप्न युरोपने पाहिले आणि आता तो निस्तरतो आहे. आपण त्याच वाटेने धावत जाऊन तिथेच का पोहोचायचे?

तर आमच्या घरात शेवटी काय ठरले?

डिझेल गाडी घेतली नाही. थोरला दोन दिवस बोलला नाही. मग त्याला आम्ही समोर बसवून सांगितले, "बाळा, तू आजीसाठी गाडी मागितलीस, त्यात तुझं चुकलं नाही. चुकलं ते आमचं. रात्री-अपरात्री काय करायचं हे आम्ही आधी ठरवायला हवं होतं." आता १०८ चा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावला आहे. आळीतल्या दोन रिक्षावाल्या भावांशी बोलून ठेवले आहे, आणि आजीचे औषध, पंप आणि कागदपत्रे एका पिशवीत दाराशी टांगली आहेत. या व्यवस्थेला पैसे लागले नाहीत.

अडीच लाखांतून धाकटीची डिप्लोमाची फी जाईल. आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो, हे आम्हालाही आधी ठाऊक नव्हते. उरलेल्या पैशांतून थोरला सुटीच्या दिवशी विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीचा कोर्स करणार आहे. आधी तो म्हणाला, "आठ वर्षं मशीनवर गेली, आता पुन्हा वहीपेन?" धाकटी म्हणाली, "दादा, गेज धरणारा हात मीटर पण धरील. सर्किट मी शिकवते." आता रात्री जेवणानंतर बहीण भावाला शिकवते. आमच्या पिढीत असे झाले नव्हते. भाऊ शिकायचा आणि बहीण घरी राहायची.

नोकरी टिकेल का, हे आम्हाला सांगता येत नाही. दोन पाळ्यांची एक झाली तर थोरल्याला पहिला ब्रेक मिळेल. ती भीती रोज सकाळी डब्याबरोबर त्याच्यासोबत जाते. पण भीती असताना हात रिकामे ठेवायचे की नवे काम शिकायचे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

बंधू-भगिनींनो, ज्यांची मुले इंजिन, गिअर, सायलेन्सर, क्लचच्या कामावर आहेत त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. मुलाला आजच विचारा, 'तू बनवतोस तो जॉब विजेच्या गाडीत लागतो का?' ब्रेक, चाके, सीट, काचा, वायरिंग दोन्हीकडे लागतात. इंजिनाचे भाग लागत नाहीत. उत्तर 'नाही' असेल तर ऑर्डर घटण्याची वाट पाहू नका. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा वेगळा ट्रेड आहे. पुण्याची बार्टी संस्था आपल्या मुलांसाठी कौशल्य प्रशिक्षणाच्या योजना राबवते. चौकशी करा, मुलीलाही पाठवा. कंत्राटी असलात तरी संघटनेत जा आणि पहिली मागणी ही करा की, नवे मशीन येण्याआधी जुन्या कामगाराला त्यावर शिकवा.

आणि कोणी म्हणाले की धूर वाचवायचा तर नोकरी जाणारच, तर ते निमूट मान्य करू नका. धूर आम्ही खाल्ला, गाड्या आम्ही बनवल्या. आता हवा स्वच्छ होणार असेल तर तिचा पहिला श्वास आमच्या म्हातारीला मिळावा, आणि नव्या गाडीचे कामही आमच्या लेकरांना मिळावे. यातले एक घ्या आणि दुसरे सोडा, असा सौदा आम्हाला मंजूर नाही.